अनुभव धागा : दिव्यांग प्रवासी आणि रेल्वे स्थानक – बडोदेकर जाणकारांनो, लिहा

रावपुरा (धागाकर्ती)

मुंबई, पुणे, नाशिक, इंदूर ही आपल्या बडोद्याच्या मराठी घरांची नेहमीची ये-जा. पण घरात कुणी व्हीलचेअरवर असेल, कुणाला कमी दिसत किंवा कमी ऐकू येत असेल, तर तिकिटाच्या आधी स्थानकाचा विचार करावा लागतो. बांधकाम, फिजिओथेरपी, काठी घेऊन चालण्याचं प्रशिक्षण, तक्रारींचा पाठपुरावा या कामांतली बरीच मंडळी इथे आहेत. त्यांना आग्रहाचं आमंत्रण. स्वतःच्या हकिगतीपेक्षा माप काय असावं, काय बिघडतं आणि का, हे लिहा. वाचणाऱ्याला उद्या स्थानकावर उपयोग झाला पाहिजे.

टेपपट्टी

रॅम्पपासून सुरू करतो, कारण ‘रॅम्प आहे’ हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि तेवढ्यावर विषय बंद होतो.

व्हीलचेअरसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. उंच फलाट रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिमी वर असतो. रुळाच्या पातळीवरून तिथे पोचायचं तर सुमारे दहा मीटर उतार लागतो, शिवाय मध्ये दीड मीटरचा सपाट थांबा. फलाटाच्या टोकाला जो उतार दिसतो तो या हिशेबात बसत नाही. रेल्वेच्या मापांच्या नियमात त्या टोकाच्या उताराला १:६ पर्यंत मुभा आहे. तो सामानाच्या हातगाड्यांसाठी आहे. तिथून व्हीलचेअर न्यायची तर मागे दणकट माणूस हवाच, आणि पुढे रूळ ओलांडायचा असेल तर रेल्वेचा कर्मचारी सोबत असल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मोजायला फार काही लागत नाही. १.२ मीटरची सरळ पट्टी उतारावर ठेवा, तिच्यावर स्पिरिट लेव्हल. खालचं टोक उचलत बुडबुडा मध्यावर आणा. टोकाखालचं अंतर १० सेंमीपर्यंत असेल तर उतार ठीक. मोबाईलच्या लेव्हलवर हाच उतार ४.८ अंश दिसतो, १:६ चा साडेनऊ.

बिघाड बहुतेक वेळा सांध्यावर होतो. फलाटावर नवी ग्रॅनाइट बसते, रॅम्प जुनाच राहतो आणि दोघांच्या मध्ये दोन-तीन सेंमीची पायरी तयार होते. बाहेर रस्त्यावर डांबराचा नवा थर पडला की रॅम्पच्या पायथ्याशी तेच. दोन पायांच्या माणसाला ते जाणवतही नाही, पण व्हीलचेअरचं पुढचं छोटं चाक तिथे अडतं आणि बसलेला माणूस पुढे फेकला जातो. गटाराच्या जाळीचंही तसंच. फटी चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात आणि बोटभर रुंदीपेक्षा मोठ्या नकोत. उभ्या फटीत चाक सरळ खाली जातं.

कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर लागतो, साधारण ७६० आणि ९०० मिमी. उतार संपल्यावरही तो ३०० मिमी पुढे यायला हवा, कारण तोल जातो तो शेवटच्या पावलाला. गुळगुळीत पॉलिशची ग्रॅनाइट जुलै-ऑगस्टमध्ये ओली झाली की कुबडीचं रबर तिच्यावर धरत नाही. उतारावर खरवडलेला किंवा खाचांचा दगडच घालावा.

अलकापुरीकर

टेपपट्टी काकांच्या मुद्द्याला धरून, बडोद्यापुरतं. आपल्या स्थानकाला दोन तोंडं आहेत. एक नंबर फलाट सयाजीगंजच्या बाजूला, तर शेवटचे फलाट अलकापुरीकडून जवळ. गाडी कुठल्या फलाटावर लागते ते घरून निघण्याआधी बघा आणि रिक्षा त्याच बाजूला न्या. पूल चढण्याचा प्रश्नच मिटू शकतो. फलाट ऐनवेळी बदलतोही, म्हणून त्या दिवशी कुठली लिफ्ट चालू आहे हेही विचारून ठेवा. जोरदार पावसात अलकापुरीचं गरनाळं (रुळांखालचा भुयारी रस्ता) भरतं आणि एका बाजूकडून दुसरीकडे जायला मोठा वळसा पडतो. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास जास्त धरा.

आणि तिकिटावर स्थानकाचं नाव नीट वाचा. अहमदाबादहून गोधरा-रतलामकडे जाणाऱ्या काही गाड्या मुख्य स्थानकात येतच नाहीत, बडोद्याच्याच छायापुरी या वेगळ्या स्थानकाला थांबतात. सहाय्याची विनंती एका स्थानकावर आणि गाडी दुसऱ्या, असं व्हायला नको.

पांढरी काठी

अंधांसाठीच्या पिवळ्या टाइलांबद्दल लिहिते. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. लांब पट्ट्यांची टाइल म्हणजे ‘या दिशेने चाला’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’: जिना, वळण, फलाटाची कड, लिफ्टचं दार. टाइल ३०० मिमी चौरस, ठिपक्यांची उंची साधारण ५ मिमी. जिन्याच्या पहिल्या पायरीच्या ३०० मिमी आधी, जिन्याच्या पूर्ण रुंदीला ठिपके हवेत.

कारागिराला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं, म्हणून ठरावीक चुका सापडतात. पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. वळणावर ठिपके नसतात, त्यामुळे काठीला वळण कळत नाही आणि माणूस सरळ जात राहतो. टाइलची रेघ खांबाला, बंद दाराला किंवा नूतनीकरणात हलवलेल्या तिकीट खिडकीच्या जुन्या जागी नेऊन सोडते. पार्सलची पोती आणि विक्रेत्याची गाडी रेघेवरच उभी असते. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट जागा मोकळी राहिली तरच ती चालण्याजोगी असते.

रंगाकडेही लक्ष द्या. दृष्टी अंधुक पण शाबूत असलेली माणसं कितीतरी जास्त आहेत आणि ती पायापेक्षा डोळ्याने रेघ शोधतात. करड्या फरशीवर करड्या ठिपक्यांचा त्यांना उपयोग नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला ५० मिमीची ठळक पट्टी हवी, फक्त पहिल्या-शेवटच्या पायरीला नव्हे.

काठीला अजिबात न सापडणारा धोका म्हणजे पादचारी पुलाच्या जिन्याची खालची बाजू. काठी जमिनीवर फिरते आणि कपाळ तिरक्या गर्डरवर आपटतं. जिथे डोक्यावर २.१ मीटरपेक्षा कमी जागा उरते, तो तुकडा जमिनीपासून बंद करायला हवा. नुसती साखळी चालत नाही, तिच्याखालून काठी आरपार जाते. एक कुंडी किंवा खाली आडवी दांडी पुरते, इतका स्वस्त उपाय आहे हा.

मदत करणाऱ्यांसाठी: हात धरून ओढू नका, आपलं कोपर द्या. डब्याशी आलात की त्यांचा हात दाराच्या दांडीवर ठेवा आणि ‘तीन पायऱ्या, पहिली गुडघ्याइतकी’ असं सांगा. ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द त्यांच्या कामाचे नाहीत.

फिजिओ ताई

स्थानकावरची व्हीलचेअर मिळाली की माणसाला बसवण्याआधी एवढं तपासा. दोन्ही ब्रेक लावून रिकामी खुर्ची ढकला. चाक फिरलं तर ती खुर्ची परत करा. पायटेकू दोन्ही आहेत का आणि ते खाली टिकतात का. एक जरी नसेल तर लोंबणारा पाय पुढच्या चाकाखाली येतो, आणि ज्याला पायाला संवेदना नाहीत त्याला जखम झाल्याचं कळतही नाही. मधुमेह किंवा मणक्याची इजा असलेल्यांत हे फार होतं. सीटचं कापड मध्ये झोळीसारखं झालं असेल तर उशी हवी. पट्टा नसेल तर घरून ओढणी किंवा रुंद पट्टा न्या.

ढकलताना उतारावरून खाली उलटं जायचं, म्हणजे ढकलणारा खाली, पाठ उताराच्या पायथ्याकडे आणि खुर्ची त्याच्या अंगावर. फट किंवा उंचवटा आला की खुर्ची वळवून आधी मोठी मागची चाकं पार करा. सरकत्या जिन्यावर व्हीलचेअर कधीही नेऊ नका, रिकामा असला तरी.

आता सगळ्यात अवघड भाग, डब्यात चढणं. उंच फलाटावरूनही डब्याची फरशी जवळपास ४५ सेंमी वर असते. १:१२ ने तिथे पोचायला साडेपाच मीटरचा रॅम्प लागेल आणि तेवढी रुंदी गर्दीच्या फलाटावर मिळत नाही. म्हणून उचलता-ठेवता येणारे रॅम्प आखूड आणि तीव्र असतात. १.८ मीटरचा असेल तर उतार १:४ होतो. त्यावर मागे दोन माणसं आणि आत एक ओढणारा, असे तिघं हवेत. शिवाय नेहमीच्या डब्याच्या दारातून साधी व्हीलचेअर जेमतेम जाते आणि आतली वाट तिच्याहून अरुंद असते. म्हणून रॅम्पच्या जोडीला अरुंद, पट्टा असलेली, छोट्या चाकांची खुर्चीही लागते. ती नसली की रॅम्प असूनही माणूस दारातच अडकतो.

हे दोन्ही नसताना उचलावंच लागलं तर काखेत हात घालून उचलू नका. पक्षाघातात लुळ्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, तो निखळतो. चार-सहा पकडी असलेली जाड कापडी उचल-चादर वापरा. ती नसेल तर दुहेरी घडीची सतरंजी. एकाने मोजायचं, सगळ्यांनी त्याच्याच आकड्यावर उचलायचं, आणि डोक्याकडचा माणूस आधी डब्यात.

टेपपट्टी

ताईंनी डब्याचं लिहिलं, त्याला जोड. दिव्यांगांसाठीचा रुंद दाराचा आणि मोठ्या शौचालयाचा कप्पा गार्डच्या डब्यात असतो आणि तो गाडीच्या टोकाला येतो. एक एलएचबी (हल्लीच्या नव्या बनावटीचा) डबा सुमारे २४ मीटरचा, बावीस डब्यांची गाडी म्हणजे पाचशे मीटरच्या वर. मधल्या जिन्यावरून उतरलात तर टोकापर्यंत अडीचशे मीटर जायचं. तेव्हा गाडी येण्याआधीच त्या टोकाला जाऊन थांबा. डब्यांची स्थिती दाखवणारा फलक वाचा आणि हमालालाही विचारा, क्रम उलटा असू शकतो.

त्या कप्प्यात इतर प्रवासी बसले असतील तर वाद घालू नका, रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर फोन करा. राखीव कप्प्यात घुसणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १५५ खाली गुन्हा आहे आणि सुरक्षा दल त्यावर कारवाई करतं. व्हीलचेअर आणि बॅटरीवरच्या गाडीची विनंतीही याच क्रमांकावर होते. गाडी आल्यावर नको, आधी करा.

मांडवी

शौचालयाबद्दल थोडक्यात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, ९०० मिमी रुंद. आत दीड मीटरचं वर्तुळ मोकळं, बादली आणि झाडू न ठेवता. भांड्याची बैठक ४५० ते ४८० मिमी उंच, बाजूला पकड-दांडी. ही दांडी भिंतीत पक्की आहे का ते पूर्ण वजन टाकून बघा, फरशीच्या टाइलवर नुसत्या प्लगने बसवलेली उपटून येते. आणि कुलूप. किल्ली कुणाकडे मिळेल हे दारावरच लिहिलेलं असावं, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत. कुलूपबंद शौचालय असण्यापेक्षा नसलेलं बरं, कारण त्याच्या भरवशावर माणूस घरून निघतो.

श्रवणयंत्र

ऐकू न येणाऱ्यांच्या अडचणी फोटोत दिसत नाहीत म्हणून राहून जातात. फलाट बदलल्याची सूचना आधी भोंग्यावर येते, फलकावर उशिरा. फलक पुलाच्या मध्यावर आणि प्रत्येक जिन्याच्या तोंडाशीही हवा. तिकीट खिडकीवर काचेला चकाकी असते, उजेड कर्मचाऱ्याच्या पाठीमागून येतो आणि ओठ वाचता येत नाहीत. समोरून चेहऱ्यावर पडणारा एक दिवा आणि खिडकीत वही-पेन, एवढ्याने फरक पडतो. प्रवाशांनी गाडी क्रमांक, तारीख आणि डबा लिहिलेली चिठ्ठी तयार ठेवावी.

प्रतापनगर

तक्रारीचं. ‘सुविधा नाहीत’ असं लिहिलेल्या अर्जाला ‘सुविधा उपलब्ध आहेत’ एवढंच उत्तर येतं. एका अर्जात एकच दोष लिहा. टेप दिसेल असा फोटो, फलाट क्रमांक, जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक, तारीख, वेळ. तो खांबक्रमांक लिहिला की इंजिनीअरला जागा शोधावी लागत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारता येत नाही. आधी रेलमदद ॲपवर, मग तो तक्रार क्रमांक घालून प्रतापनगरला विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात लेखी, पोच घेऊन.

लिफ्टसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क दहा रुपये. देखभाल कंत्राटाची प्रत आणि गेल्या वर्षभरात लिफ्ट कोणत्या तारखांना बंद होती याची नोंदवही मागा. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं स्वयंचलित यंत्र असतं, त्याच्या बॅटऱ्या शेवटच्या कधी बदलल्या तेही विचारा. बॅटरी मेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते, आणि नंतर भीतीने ती बंदच ठेवली जाते.

रेल्वे केंद्राची, त्यामुळे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे गेलात तर अर्ज फिरत बसेल. दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जा. आधार २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम ४१ वाहतुकीसाठी आणि कलम ४५ जुन्या इमारतींसाठी. नियम जून २०१७ मध्ये आले आणि जुन्या इमारती सुगम करायची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातला नियम १५(१) अवैध ठरवला, कारण त्यात मापदंड नुसते शिफारसवजा राहत होते, आणि बंधनकारक किमान मापदंड करायला सरकारला सांगितलं. अर्जात हा निकाल तारखेसकट लिहा.

रावपुरा (धागाकर्ती)

प्रतापनगर काका, नमुना अर्ज इथे टाकाल का? आणि टेपपट्टी काका, स्थानकाशेजारी बुलेट ट्रेनचं काम चालू आहे तोवर तात्पुरत्या वाटा बदलत राहतात. तात्पुरत्या वाटेला काय मापं मागायची?

टेपपट्टी

तीच. तात्पुरत्या वाटेला वेगळा उतार नसतो. रुंदी किमान १.२ मीटर, समोरून व्हीलचेअर येणार असेल तर १.८. पत्र्याच्या आडोशाचे पाय वाटेत आलेले नसावेत. आडोशाला जमिनीलगत आडवी फळी असावी, म्हणजे काठीला कड सापडते. रस्त्यावर लोखंडी प्लेट टाकली असेल तर तिची कड उताराने मिटवून खाली बोल्ट मारायला सांगा. सैल प्लेट एका बाजूला दाबली की दुसरी उचलली जाते आणि चाक तिच्याखाली शिरतं.