मदत हवी आहे : कृष्णेच्या पाण्यातील सेंद्रिय कार्बन सांडपाण्याचा की मातीचा?

सांगलीजवळ कृष्णेत विरघळलेल्या कार्बनचे ऋतुमानानुसार होणारे बदल मी वर्षभर नोंदवत आहे. नमुने भिलवडी आणि आयर्विन पूल येथून घेतो. वारणेचे पाणी मिसळू नये म्हणून हरिपूरच्या संगमाखालची जागा मुद्दाम टाळली आहे. बायकार्बोनेटचे (पाण्यात विरघळलेल्या असेंद्रिय कार्बनच्या मुख्य रूपाचे) गणित उलगडते, कारण उन्हाळ्यात बेसाल्टमधून झिरपलेले भूजल नदीला पोसते आणि पावसाळ्यात तेच पाणी विरळ होते. सेंद्रिय कार्बन मात्र उन्हाळ्यातही वाढतो आणि पहिल्या पुरातही, आणि दोन्ही वेळचे कारण एकच असेल असे मला वाटत नाही.

नमुने ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळून, आम्ल घालून थंड ठेवतो. आम्लाने असेंद्रिय कार्बन वायू होऊन निघून जातो, म्हणून त्याची बाटली अर्थातच वेगळी असते. सांडपाण्याची खूण म्हणून क्लोराइड तपासले, पण इथल्या क्षारपड जमिनींचा निचराही क्लोराइड आणतो, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. कार्बनचा उगम ओळखण्यासाठी समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंची) तपासणी परवडणारी नाही; यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (नमुना अतिनील प्रकाश किती शोषतो ते मोजणारे उपकरण) तेवढा उपलब्ध आहे.

२५४ नॅनोमीटरवरील शोषण आणि सेंद्रिय कार्बन यांच्या गुणोत्तरावरून मातीतील ह्युमिक द्रव्ये (वनस्पती कुजून बनलेले सेंद्रिय पदार्थ) सांडपाण्यापासून खात्रीने वेगळी ओळखता येतील का, आणि त्या मापनात लोह व नायट्रेट यांमुळे येणारी वाढ कशी वजा करावी?