जिमी कार्टर यांच्यावरचा माहितीपट सुचवा: अभ्यासगटासाठी, दोन संध्याकाळी

रानजाई
वाचनालयाच्या अभ्यासगटात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आयुष्यावरचा एक माहितीपट दाखवायचा विचार आहे. वीसएक जण असतील. इंग्रजी वाचलेलं सगळ्यांना कळतं, पण अमेरिकेच्या दक्षिणेतले उच्चार कानाला जड जातात. हातात दोन संध्याकाळ आहेत, प्रत्येकी दोन तास, आणि त्यातच चर्चाही व्हायला हवी. नुसतं कौतुक करणारं काही नको. १९७७ ते १९८१ या त्यांच्या सत्तेच्या चार वर्षांत काय जमलं आणि काय फसलं, ते दोन्ही कळायला हवं. काय दाखवावं?

चौथी रीळ
संपूर्ण आयुष्य हवं असेल तर पीबीएस वाहिनीच्या 'अमेरिकन एक्सपिरिअन्स' मालिकेतला २००२ चा 'जिमी कार्टर' घ्या. दिग्दर्शन एड्रियाना बॉश यांचं आहे. दोन भाग आहेत, मिळून जवळपास तीन तास. प्लेन्स या त्यांच्या गावातली भुईमुगाची शेती, नौदल, जॉर्जियाचं राजकारण आणि मग व्हाइट हाउस असा सरळ क्रम आहे. संध्याकाळी एक भाग दाखवला तरी चर्चेला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ उरतो.

पहिल्या भागात १९७० ची गव्हर्नरपदाची निवडणूक आली की तिथे थांबवून बोला. त्या प्रचारात कार्टर यांनी वंशभेदाच्या बाजूच्या गोऱ्या मतदारांना दुखवायचं टाळलं, अलाबामाचे वंशभेदवादी नेते जॉर्ज वॉलेस यांच्या समर्थकांची मतं मागितली. निवडून आल्यावर जानेवारी १९७१ मध्ये शपथविधीच्या भाषणात मात्र वंशभेदाचे दिवस संपले असं जाहीर केलं. हा माणूस समजून घ्यायचा तर या दोन गोष्टी शेजारी ठेवूनच बघायला हव्यात. साधाभोळा शेतकरी अचानक राष्ट्राध्यक्ष झाला, ही समजूत इथेच गळून पडते.

उणीव म्हणाल तर चित्रपट २००२ चा आहे. कार्टर त्यानंतर बावीस वर्षं जगले. २९ डिसेंबर २०२४ ला वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. पुढचा काळ तुम्हाला तोंडी सांगावा लागेल.

तळटीप
चौथी रीळ यांच्याशी सहमत, फक्त तेहरानच्या अमेरिकी दूतावासातल्या ओलीस प्रकरणासाठी बार्बरा कोपल यांचा 'डेझर्ट वन' (२०२०) जोडा. वेळ पावणेदोन तासांच्या वर जातो, त्यामुळे सगळा नाही, सुटकेच्या मोहिमेचा भाग तेवढा. मोहीम चालू असताना कार्टर आणि संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल डेव्हिड जोन्स यांच्यात फोनवर झालेलं बोलणं त्यात मूळ आवाजात ऐकू येतं. शिवाय इराणमधल्या लोकांच्या मुलाखती आहेत, त्यामुळे बाजू एकतर्फी राहत नाही.

दाखवण्याआधी फळ्यावर हेलिकॉप्टरांचा हिशेब लिहून ठेवा, नाहीतर प्रेक्षक हमखास गोंधळतात. २४ एप्रिल १९८० ला 'निमित्झ' या विमानवाहू जहाजावरून आठ हेलिकॉप्टरं उडाली. एकाच्या पात्याला तडा गेल्याचा इशारा आला म्हणून ते वाटेत सोडलं, एक धुळीच्या वादळातून आणि उपकरणं बिघडल्यामुळे मागे फिरलं. वाळवंटातल्या तळावर सहा पोचली, त्यातल्या एकाचा हायड्रॉलिक पंप गेला. उरली पाच. मोहीम पुढे न्यायला किमान सहा लागणार हे आधीच ठरलं होतं, म्हणून ती रद्द झाली. माणसं मेली ती परत निघताना, एक हेलिकॉप्टर इंधन भरलेल्या सी-१३० विमानावर आदळलं तेव्हा. आठ जण गेले. मोहीम रद्द होणं आणि अपघात या दोन वेगळ्या घटना आहेत, लोक त्या एकच समजतात.

ओलिसांच्या आकड्याचंही तसंच. सुरुवातीला ६६ जण धरले होते. त्यातले १३ नोव्हेंबर १९७९ मध्येच सुटले, एक जण आजारपणामुळे जुलै १९८० मध्ये. ४४४ दिवस राहिले ते ५२. कुठे ६६ आणि कुठे ५२ ऐकलं तर दोन्ही बरोबरच आहेत.

रानजाई
हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. 'मॅन फ्रॉम प्लेन्स'चं नावही बऱ्याच ठिकाणी दिसतं. तो का नको?

चौथी रीळ
तो जॉनथन डेमी यांचा, २००७ चा. उत्तम चित्रपट आहे, पण जीवनपट नाही. २००६ च्या अखेरीस कार्टर यांच्या पॅलेस्टाइनवरच्या पुस्तकाचा प्रचारदौरा झाला, कॅमेरा त्या दौऱ्याच्या मागे फिरतो. पुस्तकाच्या शीर्षकातल्या 'अपार्थाइड' (वंशभेदी राजवट) या शब्दावरून उठलेला वाद माहीत नसेल तर अर्धा चित्रपट डोक्यावरून जातो. आधी कॅम्प डेव्हिडची शांतता बोलणी समजलेली असायला हवीत: सप्टेंबर १९७८ मधले ते तेरा दिवस, इस्रायलचे बेगिन आणि इजिप्तचे सादात यांना जवळजवळ समोरासमोर न बसवता मसुदा इकडून तिकडे नेणं, आणि २६ मार्च १९७९ चा इजिप्त-इस्रायल करार. तुमच्या गटाला ही पार्श्वभूमी झाल्यावर तिसरी संध्याकाळ मिळाली तर जरूर दाखवा.

मृदंग
मेरी व्हार्टन यांचा 'जिमी कार्टर: रॉक अँड रोल प्रेसिडेंट' (२०२०) सुद्धा विचारात घ्या. दीड तासाच्या थोडा वर आहे. बॉब डिलन, विली नेल्सन आणि ऑलमन ब्रदर्स या गायक-वादकांची साथ १९७६ च्या प्रचाराला कशी लाभली, ते त्यात आहे. १८ जून १९७८ ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जॅझ महोत्सव झाला, तिथे डिझी गिलेस्पी यांच्या 'सॉल्ट पीनट्स'ला स्वतः राष्ट्राध्यक्षांनी आवाज दिला. शेंगदाण्याच्या शेतकऱ्याने शेंगदाण्याचं गाणं म्हणावं, हे दृश्य फार गोड आहे. तरुण मुलं असतील तर सुरुवातीची पंधरा मिनिटं यातली लावा, लक्ष लागतं.

तळटीप
पंधरा मिनिटांसाठी ठीक. एकटाच दाखवू नका, कारण त्यातून १९८० चा दारुण पराभव का झाला हे उलगडत नाही. त्या वर्षी महागाई १३.५ टक्के होती, पेट्रोलच्या रांगांची आठवण ताजी होती, ओलीस इराणमध्येच होते, आणि पक्षातूनच टेड केनेडी विरोधात उभे राहिले. निर्वाचक मतांचा निकाल ४८९ विरुद्ध ४९, रेगन यांच्या बाजूने. 'कार्टरलँड' (२०२१) बाबतही हेच म्हणेन. पर्यावरणाचं काम, व्हाइट हाउसच्या छतावरचे ३२ सौर पॅनेल, अलास्कातल्या जमिनींचं संरक्षण हे त्यात छान आलंय, पण सूर वकिलीचा आहे.

आणखी एक. १५ जुलै १९७९ च्या भाषणाला सगळीकडे 'मॅलेझ' (मरगळ) भाषण म्हणतात. भाषणात तो शब्द नाहीच. भाषणानंतर लोकप्रियता आधी वाढली होती. दोनच दिवसांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, आणि सरकार कोसळतंय की काय असं लोकांना वाटलं. भाषणामुळे नाही, त्या राजीनाम्यांमुळे घसरण झाली असं माझं ठाम मत आहे. चर्चेसाठी हा मुद्दा राखून ठेवा.

कपाटकुलूप
तांत्रिक बाजू कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते.

अमेरिकेतून डीव्हीडी मागवली तर ती बहुधा विभाग १ ची असते (चकती कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते हा विभाग ठरवतो), आपल्याकडचे प्लेअर विभाग ५ चे. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्यांदा निवडलेला विभाग कायमचा बसतो. सर्व विभाग चालणारा प्लेअर आणा आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पूर्ण चकती चालवून बघा. पीबीएसच्या संकेतस्थळावरचे व्हिडिओ भारतातून बऱ्याचदा उघडत नाहीत, त्या भरवशावर तारीख जाहीर करू नका.

उच्चारांवर उपाय सोपा आहे. त्याच संकेतस्थळावर चित्रपटाची संपूर्ण लिखित संहिता असते. ती आधी वाचून पंचवीस-तीस नावं आणि संज्ञा एका पानावर मराठीत छापून द्या. आपोआप तयार होणारी उपशीर्षकं लावू नका, विशेषनामांची वाट लागते.

आणि हक्कांचं बघा. डीव्हीडी विकत घेतली म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा हक्क मिळत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सवलत शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात, तिथले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक अशा प्रेक्षकांपुरती आहे. वाचनालयाचा खुला कार्यक्रम त्यात आपोआप बसत नाही. वितरकाला पत्र लिहून परवानगी घ्या, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाचा कार्यक्रम म्हणून त्यांच्याच विद्यार्थ्यांसाठी करा.

रानजाई
कपाटकुलूप ताई, हक्कांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. महाविद्यालयाशी बोलते. आता शेवटचं: भारताशी असलेला संबंध कुठे नीट मिळेल?

तळटीप
त्यासाठी माहितीपटांवर विसंबू नका, कागद वापरा. अटलांटातल्या कार्टर ग्रंथालयाने राष्ट्राध्यक्षांची रोजची दैनंदिनी ऑनलाइन ठेवली आहे, मिनिटामिनिटाच्या नोंदींसह. १ ते ३ जानेवारी १९७८ ची पानं छापून आणा. २ तारखेला संसदेत भाषण झालं, ३ तारखेला हरियाणातल्या दौलतपूर नसीराबादला भेट दिली, ज्याला पुढे कार्टरपुरी म्हणू लागले. तारापूरच्या अणुइंधनावरून मोरारजींना थंड आणि रोखठोक पत्र लिहायला हवं, असं कार्टर त्याच दौऱ्यात परराष्ट्रमंत्री व्हॅन्स यांना म्हणाले, आणि ते चालू राहिलेल्या मायक्रोफोनमुळे पत्रकारांना ऐकू गेलं. १९८० मध्ये मात्र त्याच कार्टर यांनी तारापूरसाठी ३८ टन इंधन पाठवायला मंजुरी दिली.

दुसरा धागा विक्रोळीचा. त्यांच्या आई लिलियन ६८ व्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतून आल्या आणि १९६६ ते १९६८ गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं, मग दवाखान्याचं काम केलं. तिथून घरी लिहिलेली पत्रं 'अवे फ्रॉम होम' नावाने १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन पत्रं मोठ्याने वाचायला दहा मिनिटं पुरतात.

चौथी रीळ
२००२ नंतरचा काळ सांगताना नारूपासून, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगापासून सुरू करा. जुन्या पिढीला तो रोग नावाने माहीत आहे. १९८६ मध्ये कार्टर यांच्या कार्टर सेंटर या संस्थेने काम हाती घेतलं तेव्हा जगात वर्षाला सुमारे ३५ लाख रुग्ण होते, २०२३ मध्ये १४. लस नाही, औषध नाही. पाणी गाळायचं कापड, पाण्यात टाकायचं कीटकनाशक आणि जखम झालेल्याला पाणवठ्यात उतरू न देणं, एवढ्यावर हे झालं. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. आपल्याकडे पायऱ्यांच्या विहिरीतून तो पसरायचा, म्हणून गटात कोणी ज्येष्ठ असतील तर या भागाला वेळ जास्त ठेवा.