मदत हवी आहे: बंब धुरकटतोय, पाणी उशिरा तापतंय

मंडळी, तांब्याचा 20 लिटरचा बंब आहे. बाभळीच्या सुक्या ढलप्यांवर 25 मिनिटांत कढत पाणी मिळायचं. आता पाऊण तास लागतो आणि धूर खालच्या तोंडातून उलटा येतो. मधली नळी काथ्याने घासून काजळी काढली, जाळीखालची राखही झाडली. पाणी बोअरचं, त्यामुळे नळीला पाण्याच्या बाजूने क्षाराचा थर असणारच. पण त्याने उष्णता अडेल, धूर का उलटावा? न्हाणीघराची खिडकी बंद असते, ओढ तिथेच मरत असेल का? वर दोन फुटी पत्र्याची नळी चढवून कोणी पाहिलंय?

क्षार काढायला सायट्रिक ॲसिड किती ग्रॅम घालावं? शिवाय तळाचा सांधा ठिबकतोय. शिशाचा डाख नको (रिकामा बंब पेटला की वितळतो). तांबट आळीत पितळी डाख कोण देतं?