मदत हवी आहे: पार्किंगच्या रोलिंग शटरची एक स्प्रिंग तुटली. एकच बदलायची की दोन्ही?

नमस्कार मंडळी,

आमचं घर कोल्हापुरात, रमणमळ्यात आहे. खाली पार्किंगला १० फूट रुंद आणि ८ फूट उंच लोखंडी रोलिंग शटर आहे. गिअर नाही, साखळी नाही, हातानेच वर-खाली करायचं. घर बांधलं तेव्हाच बसवलेलं. मागच्या आठवड्यात पहाटे शटर बंद असताना वरच्या डब्यातून धाडकन मोठा आवाज आला. उजाडल्यावर उचलायला गेलो तर शटर प्रचंड जड. आता दोघांनी जोर लावला तरच वर जातं, तेही वाकडं. मध्यावर सोडलं तर थांबत नाही, सरळ खाली येतं.

खरं तर वर्षभर ते हळूहळू जड होत चाललं होतं. पण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दोन्ही वेळा पार्किंगमध्ये पाणी होतं, दोन्ही बाजूंच्या गाइडमध्ये, म्हणजे शटर ज्या उभ्या खाचांतून सरकतं त्यांत, गाळ बसला होता, त्यामुळे जडपणा गंजामुळेच असणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. खालच्या दोन-तीन पट्ट्या सडल्यासारख्या झाल्या आहेत, ते वेगळंच.

फिटर बोलावले, तर प्रत्येकाचं मत निराळं. पहिला म्हणाला, एक स्प्रिंग शाबूत आहे, तिलाच दोन-तीन फेरे जास्त देतो, काम भागेल. दुसऱ्याचं म्हणणं, दोन्ही स्प्रिंगा आणि पाइपसुद्धा बदला. तिसरा म्हणतो, स्प्रिंगच्या भानगडीत पडूच नका, मोटर लावा, बटणावर चालेल. आणि घरात धाकटे दीर म्हणतात, शिडी आणि पाइप पाना असला की रविवारी आपणच करू.

माझी काळजी पैशाची कमी आणि माणसांची जास्त आहे. सासरे रोज सकाळी याच शटरखालून फिरायला बाहेर पडतात, मुलगा सायकल घेऊन ये-जा करतो. कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा:

एकाच स्प्रिंगवर जास्त ताण देणं बरोबर आहे का? मोटरने हा प्रश्न सुटतो का? आणि घरी करण्यासारखं हे काम आहे का? दिरांना मी नको म्हणतेय, पण नेमकं का नको ते मला सांगता येत नाहीये.

---

उद्यमनगरवाला:

ताई, सगळ्यात आधी ते शटर वापरायचं बंद करा. गाडी काही दिवस बाहेर राहिली तरी चालेल. सासऱ्यांना दुसऱ्या दाराने जाऊ द्या.

आता स्प्रिंग काय करते ते सांगतो, म्हणजे दिरांना समजावता येईल. वर जो आडवा पाइप असतो तो शटरबरोबर फिरत नाही. दोन्ही टोकांना ब्रॅकेटवर यू क्लॅम्पने आवळून बसवलेला असतो. फिरतात त्या पाइपावरच्या पुल्या, आणि शटरची वरची कड त्या पुल्यांना जोडलेली असते. प्रत्येक पुलीच्या पोटात चपट्या पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते, चावीच्या घड्याळात असते तशी. तिचं एक टोक पाइपला, दुसरं पुलीला. शटर खाली ओढलं की स्प्रिंग आवळत जाते, म्हणजे शटर पूर्ण बंद असताना ताण सगळ्यात जास्त. तुमची पहाटे तुटली ती यामुळेच. रात्रभर ती पूर्ण ताणात होती.

वजनाचा हिशोब बघा. १ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला ७.८५ किलो. तुमचं शटर जवळपास ७.४ चौरस मीटर. १८ गेजचा पत्रा म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. नुसता सपाट पत्रा धरला तरी ७० किलो होतात. पट्ट्यांच्या वळलेल्या कडा एकमेकींत अडकवलेल्या असतात, त्यात जास्तीचा पत्रा जातो, शिवाय खालची जाड पट्टी आणि अँगल. शंभराच्या आसपास धरून चाला. एवढं वजन इतकी वर्षं तुम्ही एका हाताने उचलत होता ते दोन स्प्रिंगांच्या जिवावर. आता त्यातली एकच उरली आहे.

म्हणून पहिल्या फिटरचं अजिबात ऐकू नका. उरलेली स्प्रिंग त्याच दिवशी बसवलेली, तेवढ्याच वेळा आवळली-सुटलेली. धातू थकायचा तेवढा थकलेलाच आहे. तिला जास्तीचे फेरे दिले की शटर बंद असताना ती मापाबाहेर आवळली जाणार आणि काही दिवसांनी तीही तुटणार. त्या वेळी शटर अर्ध्यावर असेल आणि खाली कोणी असेल तर? दोन्ही एकाच वेळी बदला, एकाच मापाच्या घ्या.

पाइप मात्र उगाच बदलू नका. तो वाकला असेल, किंवा स्प्रिंगचं टोक जिथे अडकतं ती खाच झिजून मोठी झाली असेल, तरच. फिटरला काढल्यावर दाखवायला सांगा, डोळ्यांना दिसतं.

घरी करायचं का? नाही. ताण देताना एका बाजूचा क्लॅम्प ढिला करून पाइप मोठ्या पाइप पान्याने फिरवतात, पाना धरून ठेवून मग क्लॅम्प आवळतात. त्या मधल्या क्षणी स्प्रिंगची सगळी ताकद त्या पान्यात असते. पाना निसटला की पाइप उलटा गरकन फिरतो आणि पाना सोबत येतो. समोर शिडीवरच्या माणसाचा हात किंवा तोंड असतं. या कामात मनगट मोडलेला माणूस मी स्वतः बघितला आहे, आणि तो नवशिका नव्हता. दिरांना हे जसंच्या तसं वाचून दाखवा.

---

बावड्याचा पैलवान:

ताई, पुरानंतरच्या गाइडचं राहून जायला नको. आमच्याकडे पण पाणी आलं होतं. वरून धुतलं तरी गाइडच्या तळाला आणि आतल्या कोपऱ्यात गाळ वाळून दगडासारखा होतो. पट्टी घासत वर जाते, मग जडपणा स्प्रिंगचा की गाइडचा ते कळत नाही. फिटर यायच्या आधी नुसता गाइड खरवडून, रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या. ते काम घरी करता येतं, शटरला हात न लावता. नंतर ग्रीस थापू नका. ग्रीसला धूळ चिकटते आणि पुन्हा तेच. पातळ तेलाचा हात पुरतो.

---

दूरदेशी कोल्हापूरकर:

मी अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. इथल्या गॅरेजची दारं वेगळी. मोठ्या फळ्यांचं दार रुळावरून छताखाली सरकतं आणि दाराच्या वर पिळाची मोठी स्प्रिंग असते. पण मूळ गोष्ट तीच आहे, वजन स्प्रिंग उचलते. इथे साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० वेळा उघड-बंद एवढं धरतात. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षांच्या आत संपतं. तुमच्या स्प्रिंगला हाच आकडा लागू होईल असं नाही, पण स्प्रिंगचं वय वर्षांवर नाही, वापरावर मोजायचं हे लक्षात ठेवा. घरात गाड्या वाढल्या की आयुष्य घटतं.

मोटरबद्दल आवर्जून लिहितो. स्प्रिंगवाल्या शटरला पाइपाच्या मध्यावर जी मोटर लावतात, ती शटर आधीच तोललेलं आहे असं धरूनच बनवलेली असते. स्प्रिंग तुटलेल्या शटरला ती लावली तर मोटर जळेल, ते परवडलं. खरा धोका लाइट गेल्यावर. मोटर हाताने सोडवायची सोय असते, ती ओढली की शटरला धरणारं काहीच उरत नाही आणि ते पूर्ण वजनाने खाली येतं. म्हणजे मोटर लावायची असली तरी आधी स्प्रिंगा नीट हव्यात.

आणि लावलीत तर खाली आडवा प्रकाशकिरण टाकणारा सेन्सर घ्याच. मध्ये कोणी आलं की शटर थांबून परत वर जातं. इथे १९९३ पासून घरगुती गॅरेजच्या मोटरला अशी सुरक्षा कायद्याने बंधनकारक आहे. मुलं दाराखाली सापडून दगावली, त्यानंतर हा नियम आला. आपल्याकडे मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागून घ्या.

---

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. दिरांनी सगळं वाचलं आणि शिडी परत माळ्यावर गेली. दोन्ही स्प्रिंगा बदलायचं ठरवलं आहे, मोटर सध्या नाही. फिटर काम करताना आम्ही काय बघायचं? आणि सडलेल्या पट्ट्या नंतर सावकाश बदलल्या तर चालतील ना?

---

उद्यमनगरवाला:

काम सुरू करताना शटर पूर्ण वर घेऊन दोन्ही बाजूंना भक्कम टेकू द्यायला लावा. वर असताना ताण सगळ्यात कमी असतो. खाली असताना क्लॅम्पला हात लावणारा फिटर असेल तर त्याला तिथेच थांबवा. मुलांना आणि सासऱ्यांना त्या वेळेत तिकडे फिरकू देऊ नका.

झाल्यावर पैसे द्यायच्या आधी स्वतः चालवून बघा. एका हाताने उचललं गेलं पाहिजे. कमरेच्या उंचीवर सोडलं की जागेवर थांबलं पाहिजे, वीतभर इकडे-तिकडे चालेल. खाली धावत असेल तर ताण कमी. आपोआप वर उडत असेल तर जास्त, आणि तेही तितकंच वाईट.

पट्ट्या मात्र नंतर नको. त्या एकेक सरकवून बदलता येतात, पण सडलेल्या पट्टीचं आणि नव्या पट्टीचं वजन सारखं नसतं. आज ताण लावून घेतला आणि महिन्याने पट्ट्या बदलल्या तर तोल बिघडेल आणि तो क्लॅम्प पुन्हा सोडावा लागेल. फिटरला आजच फोन करून सांगा: पट्ट्या आधी, ताण शेवटी.