मदत हवी आहे : ‘ल सालेर द ला प्यर’चे मराठी नाव

आमच्या चित्रपट मंडळात पुढील महिन्यात आँरी-जॉर्ज क्लूझो यांचा १९५३ सालचा हा फ्रेंच थरारपट दाखवायचा असून परिचयपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. जॉर्ज आर्नो यांच्या १९५० सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. तेलविहिरीला लागलेली आग विझवण्यासाठी चार कफल्लक माणसे दोन ट्रकमधून नायट्रोग्लिसरीन हे धक्क्यानेही फुटणारे स्फोटक नेतात, एवढेच कथानक. कथा दक्षिण अमेरिकेतली, चित्रीकरण मात्र दक्षिण फ्रान्समधले.

मागच्या ट्रकमधला नट शार्ल व्हानेल सिगारेट वळत असताना कागदावरची तंबाखू एकाएकी उडून जाते आणि पुढचा ट्रक फुटल्याचे आपल्याला कळते, हा क्षण शब्दांत कसा पकडावा, हा एक पेच आहेच. खरी अडचण शीर्षकाची आहे. ‘भीतीचे वेतन’ सरकारी परिपत्रकासारखे वाटते, तर ‘भयाची मजुरी’ मला जवळचे वाटते, कारण ही माणसे पगारदार नाहीत. पण ‘मजुरी’मुळे थरार हरवतो, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. फ्रेंच जाणणाऱ्यांनी कृपया पर्याय सुचवावा. कादंबरीचा मराठी अनुवाद कोणाच्या पाहण्यात आला असल्यास तेही अवश्य कळवावे.