तळेगावच्या प्लॉटवरील गॅरेज : कुटुंबाच्या ग्रुपवर झालेली चर्चा

दादा
सर्वांना नमस्कार. तळेगाव दाभाडेच्या प्लॉटवरील घराचा नकाशा आता जवळपास पक्का झाला आहे. गॅरेजचा भाग मात्र मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे, कारण तुम्हा सर्वांशी बोलल्याशिवाय आर्किटेक्टला त्याबद्दल काही कळवू नये असे मला वाटते. बाबांची 1975 सालची फियाट आणि मी हौसेने घेतलेली हिंदुस्तान मोटर्सची जुनी काँटेसा या दोन गाड्या तिथे कायमच्या राहतील, आणि रोजची तिसरी गाडीही जमल्यास तिथेच बसवायची आहे. शिवाय मला स्वतःच्या हाताने काम करता यावे, म्हणजे गाडी उचलून खालून पाहता यावी, कार्ब्युरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडून टेबलावर मांडता यावा, अशी फार जुनी इच्छा आहे. फियाटला पन्नास वर्षे होऊन गेल्यामुळे 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल. परंतु तशी नोंदणी झाल्यावर ती रोज रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर नेता येते. याचा अर्थ ती वर्षातला बहुतेक काळ या गॅरेजमध्येच उभी असणार. माझ्या मनात 24 फूट रुंद आणि 22 फूट खोल अशी जागा आहे. दोन्ही जुन्या गाड्यांची दारे पूर्ण उघडून बाजूने एक भिंतभर रॅक आणि समोर कामाचे टेबल बसेल, असा त्यामागचा हिशेब आहे. आपापली मते मोकळेपणाने लिहावीत.

काका
लांबी-रुंदी योग्य आहे. काँटेसा साधारण 15 फूट लांब आहे, त्यामुळे 22 फुटांत पुढे टेबल आणि मागे चालायला वाट राहते. आता टाइल्स, रंग, कपाटे यांचा विचार बाजूला ठेव आणि जमिनीचा विचार कर, कारण बाकी सर्व गोष्टी पुढे बदलता येतात, पण एकदा काँक्रीट पडले की त्याखाली हात घालता येत नाही. तुझ्या प्लॉटच्या खालच्या अंगाला काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. गॅरेजच्या जागेतून ती पूर्ण काढून टाक, चांगला मुरूम थराथराने पाणी मारून धुम्मस कर, त्यावर दगडी सोलिंग म्हणजे दगडांचा थर, मग पीसीसी म्हणजे सळईशिवायचे साधे काँक्रीट, मग जाड पॉलिथिनचा अखंड कागद आणि त्यावर सळईची जाळी टाकून सहा इंचांचे काँक्रीट. हा कागद विसरू नकोस. तो नसेल तर जमिनीतील ओल काँक्रीटमधून सतत वर येत राहते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. जोते बाहेरच्या रस्त्यापेक्षा किमान दीड फूट उंच घे आणि आतल्या फरशीला दाराच्या दिशेने शंभराला एक एवढा उतार दे.

छोटी ताई (मिशिगन)
दादा, मला फार आनंद झाला. इथे बहुतेक घरांना गॅरेज जोडलेलेच असते, त्यामुळे त्याचे नियम चांगलेच मुरलेले आहेत आणि त्यातले दोन तू जसेच्या तसे घ्यावेत असे मला मनापासून वाटते. पहिला म्हणजे गॅरेजमधून थेट झोपण्याच्या खोलीत दार उघडता कामा नये. घरात जाणारे दार भरीव असावे. दुसरा म्हणजे ठिणगी पडू शकेल असे कोणतेही उपकरण जमिनीपासून दीड फुटाच्या आत नसावे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि ती जमिनीलगत पसरते. तू सगळी सॉकेट्स तीन-चार फुटांवर घेतलीस तर हा प्रश्नच उरत नाही, आणि वाकायचेही वाचते. दार विजेवर चालणारे घेणार असशील तर अडथळा लागताच आपोआप मागे फिरणारी यंत्रणा त्यात हवीच. अमेरिकेत 1993 पासून ती कायद्याने बंधनकारक आहे, आणि घरात लहान मुले असताना तिच्याबाबत तडजोड करू नये.

वहिनी
ताई, तू हे लिहिलेस ते फार बरे झाले. यांनी सुरुवातीच्या नकाशात गॅरेजचे दार स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत उघडले होते. पेट्रोलचा, ऑइलचा आणि सायलेन्सरचा वास धान्याच्या डब्यांपर्यंत यावा हे मला मान्य नाही. शिवाय फियाटचा चोक ओढून गाडी गरम करत ठेवण्याची यांची सवय सर्वांना ठाऊक आहे. बंद जागेत इंजिन चालू ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना रंग असतो ना वास. माझे म्हणणे असे की, घर आणि गॅरेज यांच्यामध्ये निदान एक पडवी असावी, म्हणजे पावसात न भिजता जाता येईल आणि हवाही मध्ये तुटेल.

दादा
पडवीचे मान्य आहे, आजच आर्किटेक्टला कळवतो. मामा, तुम्ही चाळीस वर्षे वर्कशॉप चालवले आहे. गाडीखाली काम करण्यासाठी जमिनीत खड्डा घ्यावा की गाडी उचलणारी लिफ्ट?

मामा (कोल्हापूर)
खड्डा घेऊ नकोस. तळेगावला जसा पाऊस पडतो त्यात खड्ड्यात पाझराचे पाणी येणारच, आणि ताईने सांगितलेली पेट्रोलची जड वाफ सर्वांत आधी खड्ड्यातच उतरते. तिथे एखादा माणूस हँडलॅम्प घेऊन उभा असतो हे विसरू नये. दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट घे. मात्र आज पैसे नसतील तर लिफ्ट पुढच्या वर्षी आण, पण तिची तयारी आजच कर. गाडी सहा फूट वर गेली की फियाटचा टप साधारण साडेदहा फुटांवर जातो आणि त्यावर बॉनेट उघडायचे असते, म्हणून 12 फूट उंची हवी. ही उंची स्लॅबच्या नव्हे तर बीमच्या तळापासून मोजायची. बीम दीड फूट खाली लोंबतो आणि रोलिंग शटरचा ड्रमही जागा खातो, हे नकाशावर पटकन लक्षात येत नाही. ज्या ठिकाणी लिफ्टचे खांब येणार तिथे काँक्रीट आठ इंच जाड कर, फरशीचा सांधा त्या जागेच्या जवळपास येऊ देऊ नकोस आणि विजेचा किंवा पाण्याचा एकही पाइप त्याखालून नेऊ नकोस, कारण पुढे खांब जमिनीला घट्ट धरणाऱ्या अँकर बोल्टसाठी तिथे ड्रिल उतरणार आहे. काँक्रीटला पूर्ण 28 दिवस होऊ दे, मगच बोल्ट.

आता मुख्य गोष्ट, जी अजून कोणीच विचारलेली नाही. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझ्याकडे एक फियाट आली होती. वरून रंग नवा, क्रोम चकचकीत. ड्रायव्हरच्या पायाखालचे रबरी मॅट उचलले तर खालचा तागाचा नमदा ओला होता, आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर खणखणीत आवाज येण्याऐवजी पत्रा भदभदला. दुसऱ्या ठोक्याला मूठ आरपार गेली. ही गाडी उघड्यावर नव्हती, अख्खा पावसाळा ती शटर लावलेल्या गॅरेजमध्ये, वर प्लास्टिकचे कव्हर घालून उभी होती. पाऊस अंगावर पडला म्हणून जुनी गाडी सडते त्याहून जास्त ती कोंदट हवेत उभी राहिल्यामुळे सडते.

काका
मामांचे म्हणणे अगदी बरोबर आहे, म्हणूनच समोरासमोरच्या भिंतींना वर-खाली जाळीचे झरोके ठेवून वारा खेळता ठेवावा असे मी सुचवणार होतो.

मामा (कोल्हापूर)
काका, उन्हाळ्या-हिवाळ्यात झरोके उत्तम. पण आषाढ-श्रावणात बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. हवेतील आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाला गंज झपाट्याने धरतो आणि आपल्याकडे त्या दोन महिन्यांत ती अनेकदा 90 च्या आसपास असते. रात्रभर गार झालेल्या गाडीच्या पत्र्याला सकाळी अशी दमट हवा लागली की थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जसे थेंब जमतात तसे ते चेसीवर आणि ब्रेक ड्रमवर जमतात. म्हणून झरोके हवेत, पण आतून घट्ट बंद होणारे, आणि पावसाळ्यात ते बंद करून आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारे यंत्र, चालवावा. त्याची टाकी रोज कोणी रिकामी करीत नाही, तेव्हा त्याचे पाणी बाहेर नेणारी पाऊण इंची नळी भिंतीतून आधीच काढून ठेवावी.

छोटी ताई (मिशिगन)
मामा, तुमच्या या मुद्द्यावरून मला एक सुचते. इथे हिवाळ्यात बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ घेऊन आलेली रोजची गाडी जुन्या गाडीशेजारी उभी करू नये असे जाणकार सांगतात. आपल्याकडे तोच नियम पावसाला लावता येईल. ऑफिसातून भिजून आलेली गाडी चाकांच्या कमानीतून, चटयांतून आणि टपावरून भरपूर पाणी घेऊन आत येते आणि ते सगळे रात्रभर त्याच बंद हवेत मिसळते. एवढा खर्च करून कोरड्या केलेल्या खोलीत आपणच रोज बादलीभर पाणी आणून ठेवण्यात अर्थ नाही. दादा, रोजच्या गाडीला गॅरेजमध्ये जागाच देऊ नकोस. तिच्यासाठी बाहेर तीन बाजूंनी उघडा पोर्च कर.

दादा
हे मला मनापासून पटले. मी तीन गाड्यांची जागा कशी बसवावी यातच अडकलो होतो आणि त्यामुळे शटरही 16 फुटी धरले होते. आता गॅरेज दोनच गाड्यांसाठी, आणि दारे दोन स्वतंत्र, प्रत्येकी नऊ फुटी, म्हणजे एक गाडी काढताना सगळी खोली उघडी पडणार नाही. रोजची गाडी पोर्चमध्ये. पुढे ती विजेवर चालणारी घेतली तर चार्जिंगही पोर्चमध्येच होईल, त्यासाठी 32 अँपिअरच्या स्वतंत्र लाइनचा पाइप आताच टाकून ठेवतो. लिफ्ट आणि कंप्रेसरसाठी थ्री-फेज घेणार आहे.

काका, छपराला पत्रा टाकावा का? ठेकेदार तोच सुचवत आहे, कारण 12 फूट उंची त्यात स्वस्तात मिळते.

काका
उघडा पत्रा टाकू नकोस. रात्री पत्रा गार पडला की आतली दमट हवा त्याच्या खालच्या अंगाला पाणी धरते आणि ते थेट गाड्यांच्या टपावर ठिबकते. वर मामांनी सांगितलेले सगळे श्रम वाया जातात. पत्राच टाकायचा झाला तर मध्ये पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेले पॅनेल घ्यावे लागेल. माझे मत आरसीसी स्लॅबचे आहे, वर नीट उताराचा ब्रिकबॅट (वीटतुकड्यांचा) कोबा आणि चारही बाजूंना दोन फुटांचे छज्जे, म्हणजे झड भिंतीवर येणार नाही. भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकच्या) करणार असशील तर ज्या भिंतीला रॅक आणि हत्यारांचा बोर्ड येणार आहे ती तेवढी विटांची कर, कारण त्या ब्लॉकमध्ये साध्या खिळ्या-स्क्रूला जड वजनाची पकड मिळत नाही.

फरशीबद्दल : ट्रिमिक्स कर, म्हणजे काँक्रीटमधले जास्तीचे पाणी यंत्राने ओढून केलेली कडक फरशी. शहाबादी किंवा टाइल जॅकच्या लहानशा चाकाखाली फुटते, कारण सगळे वजन चार बोटांच्या जागेवर येते. इपॉक्सीच्या चकचकीत लेपाचा मोह होईल, तो पहिल्या पावसाळ्यानंतरच पुरा कर. आधी दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून फरशीवर रात्रभर चिकटव. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसले किंवा खालचे काँक्रीट काळवंडलेले दिसले, तर ओल वर येते आहे असे समज, आणि तशा फरशीवर इपॉक्सीचे पापुद्रे निघतील.

वहिनी
काका, गॅरेजमध्ये पेट्रोलचे कॅन भरून ठेवण्याबद्दलही यांना काही सांगावे. यांचे म्हणणे असे की कार्ब्युरेटर धुवायला लागते.

मामा (कोल्हापूर)
सूनबाई, तुझे बरोबर आहे. घरात पेट्रोलचा साठा नको. धुण्यासाठी लागेल तेवढे लिटरभर झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे, तेलकट चिंध्याही झाकणाच्याच डब्यात टाकाव्यात. बाहेर पडण्याच्या दाराजवळ सहा किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक टांगावे. ते आत कोपऱ्यात असेल तर आगीपलीकडे जाऊन आणावे लागते. सध्याच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने फियाटचे जुने रबरी पाइप लवकर चिरतात, ते सगळे बदलून घे आणि नवीन पाइप इथेनॉलला चालणारेच आण, पुण्याच्या नाना पेठेत मिळतील. उंदरांसाठी झरोक्यांना पाव इंची जाळी आणि शटरच्या तळाला रबर लाव. बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवणारे पुष्कळ लोक आहेत, पण उंदीर आत येणारच नाही अशी व्यवस्था केलेली बरी. आणि लिफ्ट येईपर्यंत नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नकोस. खाली टेकूचे स्टँड लावल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

छोटी ताई (मिशिगन)
दिव्यांचे थोडक्यात सांगते. गाडीच्या बरोबर वर दिवा लावला तर टप उजळतो आणि काम करायची जागा अंधारात राहते. दोन्ही बाजूंच्या वाटांवर लांब एलईडी पट्ट्या लाव, रंगकाम पाहायचे असेल तर रंग खरे दाखवणाऱ्या घे. लिफ्टच्या डोक्यावर काहीही नको.

दादा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आर्किटेक्टला उद्या असे कळवतो : पडवीने घरापासून तोडलेले दोन गाड्यांचे गॅरेज, बीमखाली 12 फूट उंची, आरसीसी स्लॅब, बंद होणारे झरोके, डीह्युमिडिफायरची नळी, बाहेर वेगळा पोर्च. हे सर्व बाजूच्या मार्जिनमध्ये (नियमाने मोकळ्या सोडायच्या जागेत) न शिरता मंजूर नकाशात दाखवूनच करायचे आहे. कपाटे, इपॉक्सी आणि लिफ्ट दुसऱ्या टप्प्यात. तुमच्या वहिनीने पडवीत गाड्यांच्या चाव्यांसाठी जागा आणि हात धुण्यासाठी बेसिन मागितले आहे, तेही धरले आहे.

काका
काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी मला बोलाव, मी येतो. सगळे पाइप अंथरून झाले की भिंतीपासूनची अंतरे टेपने मोजून, टेप दिसेल असे फोटो काढ आणि इथेच टाक. लिफ्टच्या जागेच्या चारही बाजूंचे फोटो वेगळे काढ.