कृष्णवर्णीयांचा इतिहास : शाळेतला आणि कार्यालयातला

एडिसनकर
नमस्कार. माझे शालेय शिक्षण सोलापुरात झाले आणि गेली बारा वर्षे मी न्यू जर्सीत नोकरी करतो. गेल्या फेब्रुवारीत हा विषय एकाच आठवड्यात दोन वाटांनी घरात आला. आठवीतल्या मुलीने शाळेतून एक स्वाध्याय आणला. त्यात दिले होते की १८०४ च्या कायद्याने या राज्यात त्या वर्षीच्या ४ जुलैनंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्यांना स्वतंत्र ठरवले खरे, पण मुलींनी २१ आणि मुलग्यांनी २५ वर्षांचे होईपर्यंत आईच्या मालकाकडेच राबायचे होते; १८४६ मध्ये उरलेल्या गुलामांना ‘आजन्म उमेदवार’ (म्हणजे कायमचे शिकाऊ कामगार) असे नाव मिळाले; आणि १८६० च्या जनगणनेत तरीही १८ माणसांची नोंद गुलाम म्हणूनच झाली. खाली एकच प्रश्न होता : नाव बदलल्याने त्यांच्या रोजच्या दिवसात काय बदलले असेल? गुलामगिरी म्हणजे दक्षिणेतली कापसाची शेते, अशीच माझी आजवर समजूत होती.

त्याच आठवड्यात कार्यालयाचे पन्नास मिनिटांचे सक्तीचे ऑनलाइन प्रशिक्षण आले. एका पानावर मार्टिन ल्यूथर किंग यांचे छायाचित्र, पुढच्या पानावर तक्रारीसाठी फोन नंबर आणि शेवटी दहा प्रश्न. एकीकडे मीटिंग चालू ठेवून मी ते उरकले, हे कबूल करतो. हा इतिहास शाळेवरच सोपवावा, की कार्यालयातही त्याला जागा आहे?

खडूफळा
मी येथील सरकारी शाळेत सामाजिक शास्त्रे शिकवते. आपल्या मुलीला तो स्वाध्याय मिळाला, त्यामागे राज्याचा २००२ चा कायदा आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात आणणाऱ्या त्या कायद्याला ‘अमिस्टाड’ जहाजाचे नाव दिले आहे. १८३९ मध्ये क्यूबाजवळ या जहाजावरून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या ५३ आफ्रिकी बंदींनी उठाव केला आणि १८४१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त ठरवले. हे प्रकरण शिकवायला मला चार तास लागतात, कारण साक्षी वाचाव्या लागतात, नकाशा काढावा लागतो आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी त्या बंदींच्या बाजूने युक्तिवाद का केला, यावर मुले आपसांत भांडतात. असा वेळ कोणतेही कार्यालय देणार नाही.

मात्र शाळांचेही फार कौतुक नको. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी १९२६ मध्ये या इतिहासासाठी फेब्रुवारीतला आठवडा ठरवला, तो वर्षभर शिकलेले मांडून दाखवण्यासाठी. १९७६ मध्ये त्याचा महिना झाला आणि पुष्कळ शाळांत उरलेले अकरा महिने मोकळे झाले. कायदा असला तरी शेवटी सारे वर्गातल्या शिक्षकावर अवलंबून असते.

आस्थापना_विभाग
मनुष्यबळ विभागात वीस वर्षे काढल्यावर स्पष्ट सांगतो : आपण उरकलेले प्रशिक्षण इतिहास शिकवण्यासाठी नसतेच. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या दोन निकालांनंतर, छळाच्या दाव्यात आपण प्रतिबंधाची व्यवस्था केली होती हे मालकाला दाखवता येणे मोलाचे ठरले. तो फोन नंबर तेथूनच येतो. फ्रँक डॉबिन आणि ॲलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी अनेक वर्षांच्या आकडेवारीवरून दाखवले आहे की सक्तीच्या प्रशिक्षणाने व्यवस्थापकांच्या जागांवर कोण पोचते, याचे चित्र फारसे बदलत नाही.

तरीही एक धडा कार्यालयातच शिकवावा, असे मला वाटते, तो म्हणजे ‘ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर’ हा खटला. ड्यूक पॉवर या कंपनीच्या उत्तर कॅरोलिनातील वीजकेंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजूर खात्यात घेत आणि तेथील सर्वांत मोठा पगार इतर खात्यांतील सर्वांत लहान पगाराहून कमी असे. १९६४ च्या कायद्यातील नोकरीविषयीचा भाग २ जुलै १९६५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीने चांगल्या खात्यांतील भरतीसाठी लेखी चाचण्या सुरू केल्या. शालान्त प्रमाणपत्राची अट तर आधीपासूनच होती. ते प्रमाणपत्र नसलेले जुने गोरे कामगार तेच काम व्यवस्थित करत होते. कामाशी संबंध नसलेली आणि एका समाजाला वगळणारी अट, हेतू कसाही असला तरी, चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ठरवले. भरतीची जाहिरात लिहिणाऱ्याला हा इतिहास थेट हातात लागतो.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. वंशभेदासारख्या विषयांवर काय शिकवावे, याबाबत फ्लोरिडाच्या २०२२ च्या कायद्याने वर्ग आणि कार्यालय दोन्हींवर निर्बंध घातले. त्यांपैकी खासगी मालकांच्या प्रशिक्षणावरील निर्बंध अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे न्यायालयात अडकले आणि मार्च २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही ती स्थगिती कायम ठेवली. सरकारी शाळेत काय शिकवावे, यावर मात्र राज्याचा हात बराच वर असतो.

वऱ्हाडी_बॉस्टन
वरील दोघांशी थोडा मतभेद आहे. खडूफळाताई, तुमच्या वर्गात आम्ही कधी बसलोच नाही. पंचविशीनंतर येथे आलेल्यांना हा इतिहास भेटला तर तो कार्यालयातच भेटणार. आमच्या विभागात हा विषय निघाला की आपली माणसे ‘तो त्यांचा आपसांतला प्रश्न’ म्हणून चहा घ्यायला उठतात. पण ज्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने आपल्याला दार उघडले, तो नागरी हक्कांच्या लढ्याच्याच लाटेत आलेला आहे. शिवाय मराठी माणसाने हे परके मानावे, याचे मला नवल वाटते. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि मुंबईतल्या तरुणांनी १९७२ मध्ये ‘दलित पँथर’मधले ‘पँथर’ हे नाव तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरूनच घेतले.

एडिसनकर
सर्वांचे आभार. आस्थापना_विभाग यांचा प्रतिसाद वाचून आमच्या हेल्पडेस्कच्या जागेची जाहिरात उघडली, तर तिच्यात चार वर्षांच्या पदवीची अट निघाली. आज ते काम उत्तम करणाऱ्या पाच जणांपैकी दोघांकडे पदवी नाही. ती अट कोणी आणि कशासाठी घातली, असे काल लेखी विचारले आहे. उत्तर आले की येथेच कळवतो.